माप बरोबर होतं

माझा धाकटा भाऊ केरळात रॉकेटच्या नोकरीला लागला, तेव्हा अमरावतीला आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी मला एकच विचारलं, "मंग तो वर जाते का वो?" मी म्हटलं, "जाते ना. येताना तुमच्यासाठी चांदण्या आणते म्हणे, पिशव्या धुवून ठेवा." शाळेत मास्तरीण असले तरी माझी जीभ जिनिंगमधल्या बाईची होती. आईकडून आली होती, आणि मी ती कधी लपवली नाही.

आई-बाप दोघंही जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. बाप गठाणी बांधायचा, आई सरकी निवडायची. रुईची धूळ छातीत जाऊन बाप लवकर गेला. मी सातवी फायनलची परीक्षा पास झाले, अकोल्याला मुलींच्या शाळेत लागले, आणि भावाला पुढे शिकवायचं ठरवलं. त्याचं डोकं आकड्यात आणि यंत्रात चालायचं. अमरावतीला डिप्लोमा करायचा आणि सुटीत माझ्याकडे अकोल्याला यायचा.

मी नोकरीला लागले त्याच सुमारास आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. आम्हीही नागपूरला गेलो होतो, पांढरी लुगडी नेसून, गाडीत दाराशी उभ्यानं. परत आल्यावर आईनं घरातले देव टोपलीत भरले आणि पाण्यात सोडायला नेले. जाताना रडली, येताना नाही. त्या दिवशी तिनं भावाला जवळ बसवून सांगितलं, "आता कोणी टिळा लावाले आलं तं हात जोडाचे अन् नाई म्हणाचं. पण भांडाचं नाई. समोरच्याचा देव त्याच्यापाशी." भाऊ मुळातच भिडस्त. मला सांगितलं असतं तर मी अर्धं ऐकलं असतं, त्यानं सगळं ऐकलं.

अकोल्यात माझ्या शाळेच्या वाटेवर दादाचं वर्कशॉप होतं. दादा म्हणजे काही आमच्या नात्यातला नाही. कुणब्याचा पोरगा, घरची काळी जमीन भावांवर सोडून रेल्वेच्या कारखान्यात लेथचं काम शिकला आणि मग अकोल्यात स्वतःची शेड टाकली. कापसाच्या हंगामात आसपासच्या जिनिंगचे मोडलेले शाफ्ट, झिजलेले रोलर सगळे त्याच्याकडे यायचे. माणूस तापट, पण हात असा की बोटानं चाचपून सांगायचा, इथे केसभर जास्त आहे. मोजलं की खरंच तेवढंच निघायचं. भाऊ सुटीत आला की त्याच्याच शेडमध्ये पडलेला असायचा. दादाची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणत असू, दोघांना एकाच ताटलीत भजी देई. ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. तिच्या जावांनी त्यावरून तिला बोल लावले होते, तर ती म्हणाली होती, "ताटली माही, भजे माहे, तुमच्या पोटात काहून दुखते?"

केरळच्या समुद्रकाठून पहिलं रॉकेट उडालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांत भाऊ तिथे चिकटला. फार मोठी जागा नव्हती, यंत्रशाळेत देखरेखीची. पण पहिल्याच सुटीत आला तो निराळाच होऊन. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगत राहिला, "बाई, तिथे चर्चच्या इमारतीत ऑफिस आहे. सायकलवर सामान नेतात. आता आपलं स्वतःचं लहान रॉकेट करून राहिले. पण सरकार एकटं काय काय करीन? सायेब म्हणते, कुठं ओतकाम होते, कुठं लेथचं काम होते, ते देशभरातल्या कारखान्यायनं केलं पाहिजे. खाजगी माणूस संग घेतल्याबिगर हा धंदा उभा होणार नाई. मी सायेबाले दादाचं सांगतलं."

"दादाचं?" मी भाकरी थापता थापता थांबले. "अरे, तो सरकी काढायच्या मशिनी दुरुस्त करते."

"तोच तं लेथ आहे, बाई. लेथाले काय कळते, कापूस का रॉकेट?"

काम असं होतं. रॉकेटच्या टोकाखाली बसायच्या अॅल्युमिनियमच्या रिंगा. धातू रॉकेटचं केंद्र देणार, नकाशा केंद्र देणार, माप तपासायचा गेजही केंद्र देणार, आणि कारखान्यानं फक्त कांतून द्यायचं. आधी एक नमुना. तो पास झाला तर एक लहान लॉट, आणि लॉट पास झाला तर पुढचं काम कायमचं. भावानं नकाशा दादापुढे पसरला. दादानं तो उलटा धरला, सुलटा धरला, मग म्हणाला, "हे लोक पागल हायेत का बे? एवढं बारीक माप तं सासू सुनेलेही लावत नाई."

पण लेथवर चढला. पहिल्या दोन रिंगा त्यानं स्वतःच फेकल्या. तिसरी भाऊ घेऊन गेला आणि ती पास झाली. अकोल्यात ही बातमी अशी पसरली की विचारू नका. अडत्यांपासून टांगेवाल्यापर्यंत दादाला सगळे 'रॉकेटशेठ' म्हणू लागले. तो वरवर चिडायचा, "चूप ना बे, काम करू द्या," पण मिशीत हसायचा. त्या हंगामात जिनिंगची कामं त्यानं दुसऱ्याकडे पाठवली. मी म्हटलं, "दादा, हातचं सोडून पळत्याच्या मागं नका लागू." तो म्हणाला, "बाई, आजवर म्या दुसऱ्यायचं मोडलेलं सांधलं. हे पहिलं काम हाय का जे नवं हाय." त्याच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

लॉट पुरा झाला तो नेमका नवरात्रात. भाऊ रजा काढून आला, एकेक रिंग गेजमध्ये घालून पाहिली. सगळ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे कारखान्यात त्या दिवशी लेथ बंद. हत्यारं धुवायची, मशिनीला झेंडूच्या माळा घालायच्या, पूजा करायची. दादा म्हणाला, "पेटी उद्या पूजा झाल्यावर भरू. देशाचं काम हाय, हात जोडून पाठवू." भाऊ 'बरं' म्हणाला.

मलाही बोलावणं होतं. शेड माणसांनी भरली होती. दादाचे भाऊ गावाहून आले होते, शेजारचे दुकानदार होते, कामगारांच्या बायका होत्या. एका टेबलावर पांढरं धोतर अंथरून त्यावर रिंगा मांडल्या होत्या, आणि खरं सांगते, मलाही भरून आलं. वहिनी ताट घेऊन आली. लेथला, हातोड्यांना, कानशींना कुंकू लावत लावत ती भावापाशी पोचली आणि तिनं बोट पुढे केलं. भावानं हात जोडले, मान हलवली, हळूच म्हणाला, "वहिनी, माफ करा." वहिनी लगेच समजली, पुढे सरकली. पण दादाचा मधला भाऊ होता, तोंडाचा फाटका. तो मोठ्यानं बोलला, "सायेब रॉकेटवर बसून देवाच्या घरापोतर जाईन, पण टिळा नाई लावणार!" लोक हसले. दादानं त्याला झापलं, "थोबाड बंद कर तुहं." हसू थांबलं, पण भावाचे कान लाल झाले होते ते मी पाहिलं.

मग वहिनी रिंगांकडे वळली. सुकं कुंकू त्या गुळगुळीत अॅल्युमिनियमवर टिकेना, घसरून खाली पडायचं. तिनं नारळ फोडलेल्या वाटीतल्या पाण्यात कुंकू कालवलं आणि एकेका रिंगेला बोट टेकवत गेली. बाहेरून एक, आतून एक. जेवढ्या रिंगा तेवढ्या वेळा तिचे ओठ पुटपुटले. माझ्या शेजारी भाऊ उभा होता. त्याचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि खाली गेला. दादानं रिंगा तशाच उचलल्या आणि पेटीत ठेवल्या. मधे मधे वऱ्हाडची चांगली पिंजलेली रुई भरली, अगदी बाळाखाली भरतात तशी, वर चार झेंडू टाकले आणि सगळ्यांसमोर खिळे ठोकले. "आता थेट तिकडंच उघडाची!"

टांग्यात स्टेशनकडे जाताना भावाचा हात पेटीवर होता. म्हणाला, "बाई, ते पुसून, सुकवून, मेणकागदात गुंडाळाले पाहिजे होतं."

"मंग बोलला काहून नाई? तोंडात काय रुई भरली होती का?"

"एक वेळा नाई म्हटलं होतं. पुन्हा नाई म्हटलं असतं तं... त्यायले वाटलं असतं, याले आमच्या कुंकवाचाच राग हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, "जाऊ दे. कुंकवानं काय होते? पोचल्यावर पुसून घे." लोखंडाचं मला थोडं कळे, अॅल्युमिनियमचं काय कळणार. पेटी सामानाच्या डब्यात गेली आणि गाडी सुटली.

तेव्हाचं कुंकू म्हणजे हळद, चुना आणि काय काय. त्यात नारळाचं पाणी, आणि भोवती ओल धरून ठेवणारा आमचा कापूस. भाऊ आधी पोचला, पेटीला मात्र गाड्या बदलत केंद्रापर्यंत पोचायला बरेच दिवस लागले. पेटी उघडली तेव्हा प्रत्येक रिंगेला बाहेरून एक, आतून एक, बोटाएवढा काळा-पांढरा डाग पडला होता. पुसला तर खाली धातू खाल्ला गेलेला. आतल्या बाजूला, जिथे जोड बसायचा नेमका तिथे, खड्डे. सगळा लॉट नापास झाला.

भाऊ दिवाळीनंतर आला. आधी दादाकडे गेला, मग माझ्याकडे. दारातच मी विचारलं. त्यानं चपला काढल्या, भिंतीला टेकून बसला आणि सगळं सांगितलं.

"दादाले सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हणाले?"

"म्या सांगतलं... माप जरासं बसलं नाई म्हणून."

माझ्या हातात उलथणं होतं. ते मी फेकलं, त्याला लागलं नाही इतकंच. "अरे बह्याडा! त्या माणसापाशी दुसरं काय हाय रे मापाशिवाय? तू त्याचे हात तोडून आला!"

"मंग काय सांगू?" तोही ओरडला, जन्मात ओरडला नव्हता. "वहिनीनं इतक्या जीवानं लावलं. तुमच्या हातानं नास झाला म्हणून सांगू तिले? अन् सांगतलं असतं तं त्याचा तो भाऊ काय म्हणाला असता, ठाऊक हाय ना? आमचं कुंकू बाटवाले आला. सगळं अकोला तेच बोललं असतं. मापाचं म्हटलं का कोणाची जात निंगत नाई त्यात."

मी दादाकडे जायला निघाले तर त्यानं माझे पाय धरले. दुसरा लॉट मागून देतो, साहेबांशी बोलतो, मग सगळं आपोआप सरळ होईल, तोवर बोलू नको. तो खरंच बोलला साहेबांशी. पण काम थांबून राहत नसतं. ते मुंबईच्या एका कारखान्याला गेलं, त्यांनी वेळेवर दिलं, आणि पुढचंही त्यांच्याकडेच राहिलं. आता तर कुठल्या कुठल्या गावच्या खाजगी कारखान्यांत अग्निबाणांचे भाग होतात म्हणे. ऐकलं की मला अभिमान वाटतो आणि दादाही आठवतो, दोन्ही एकदमच.

दादाकडे लॉटच्या वेळी जादा कांतलेली एक रिंग उरली होती. तो ती दिवसभर मोजायचा. केंद्राचा गेज परत गेला होता, म्हणून स्वतःच्या मायक्रोमीटरनं मोजायचा. माप बरोबर निघायचं, आणि बरोबर निघालं की तो जास्तच हबकायचा. "मायक्रोमीटर खोटा झाला असन," म्हणायचा. मग म्हणाला, डोळेच गेले असतील. अमरावतीला डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. त्यावर तो वहिनीला म्हणाला, "मंग हातच गेले." जिनिंगवाले जुनी कामं घेऊन परत आले, तर त्यानं रोलर हातात घेतला, बोटानं चाचपला आणि खाली ठेवला. "मले भरवसा नाई राहिला. दुसरीकडं न्या." लोकही कसे! कालपर्यंत रॉकेटशेठ म्हणणारे आता पाठीमागून म्हणायचे, सरकीवाला चंद्राले हात लावाले गेला अन् तोंडावर पडला.

वहिनी एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "बाई, ह्यायले काय झालं वो? रातभर बोटं चोळत बसते. जेवाले बसले का घास हातात धरून हाताकडंच पाहते." भावानं धरलेले पाय आठवले, मी तिचा नुसता हात धरला. भावाला लिहिलं, असशील तसा निघून ये. रजा मिळेना, मिळेना, आणि मिळाली तोवर पुढचा उन्हाळा आला. मधल्या काळात दादानं लेथ अकोटच्या एकाला विकून टाकला. बैलगाडीवर चढवताना तो घरात जाऊन बसला होता, वहिनी बाहेर उभी राहून पाहत होती.

भाऊ आला तसा मी त्याला पाणीही प्यायला दिलं नाही, सरळ दादाकडे घेऊन गेले. भर दुपार होती. शेड रिकामी, मधोमध लेथचे चार बोल्ट जमिनीतून वर आलेले. दादा खाटेवर बसला होता, बारीक झालेला. भावाला पाहून तो उठू लागला, हसलासुद्धा. "ये बापू, ये. तुहं नाव खराब केलं ना म्या?"

भावाला तिथेच रडू फुटलं. वहिनी चहाचे कप घेऊन आली होती. भाऊ म्हणाला, "दादा, तुमच्यासंग एकट्यात बोलाचं हाय." दादा म्हणाला, "जे असन ते हिच्यासमोर बोल. हिनं लय भोगलं."

मग त्यानं सांगितलं. पेटी कशी उघडली, डाग कसे होते, कुठे होते. माप बरोबर होतं, प्रत्येक रिंगेचं माप बरोबर होतं, हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. वहिनीनं कप खाली ठेवले आणि ती उंबऱ्यावरच बसली. "इतलंच होतं?" ती म्हणाली. "धुतलं असतं ना रे बापू. म्याच धुतलं असतं. देवाचं दर्शन झालं का कुंकू धुवाले काय होते?" आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

दादा परत खाटेवर टेकला. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. त्यानं विचारलं, रागानं नाही, अगदी खालच्या आवाजात, "माहा लेथ गेला रे. तू त्याच रोजी बोलला काहून नाई?"

भावानं डोळे पुसले. आजवर त्यानं कोणाला उलट विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. "दादा, बोललो असतो तं तुमी आयकलं असतं?"

 दादानं शेडच्या दाराकडे पाहिलं, जिथे त्या दिवशी त्याचे भाऊ, शेजारी, सगळे उभे होते. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, तेवढं मी त्याच्याबद्दल कोणालाही सांगेन.

"त्या रोजी? सगळ्यायसमोर, तुह्या तोंडून?" तो म्हणाला. "नाई. नसतं आयकलं."